अस्वलांच्या मुलखात कोणते पिस्तूल?

- विशेष प्रतिनिधी

अलास्का हे अमेरिकेच्या संघराज्यातील सर्वांत विस्तीर्ण राज्य. क्षेत्रफळाने ते महाराष्ट्राच्या साडेपाच पट, पण लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार अवघी ७ लाख ३३ हजार. या राज्यात तपकिरी अस्वले सुमारे ३० हजार आणि काळी अस्वले सुमारे १ लाख असावीत, असा तेथील वन्यजीव खात्याचा अंदाज आहे. म्हणजे साधारणपणे दर पाच-सहा माणसांमागे एक अस्वल! सॅमन माशांनी भरलेल्या नद्या, बेरीची झुडपे आणि डोंगरउतारावरची कुरणे ही जशी अस्वलांची, तशीच गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची, भूगर्भशास्त्रज्ञांची आणि पर्यटकांचीही आवडती ठिकाणे आहेत. साहजिकच, अस्वल अंगावर चालून आले तर काय करायचे, हा प्रश्न तेथे जाणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतो. बंदुकीची परंपरा मुरलेल्या त्या देशात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्याच प्रश्नाने दिले जाते. कंबरेला पिस्तूल कोणते लावायचे?

मुलांकडे अमेरिकेत गेलेले आईवडील आता येलोस्टोन पाहून येतात, आणि तेथे नोकरी-शिक्षणासाठी राहणारी मराठी तरुण मंडळी अलास्कात पाठीवर तंबू घेऊन भटकतात. त्यामुळे हा विषय आपल्या वाचकांना पूर्वीइतका परका राहिलेला नाही. पिस्तुलाची निवड नेमकी कोणत्या निकषांवर होते, त्याविषयीचे संशोधन काय सांगते आणि परदेशी नागरिकाला हा पर्याय खुला आहे का, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

दोन सेकंदांचा हिशेब

तपकिरी अस्वल (अलास्काच्या अंतर्भागात आणि रॉकी पर्वतराजीत त्यालाच ग्रिझली म्हणतात) दिसायला बोजड असले तरी तासाला सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावू शकते. सेकंदाला पंधरा मीटर. दाट झुडपांत माणूस आणि अस्वल अकस्मात समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यातील अंतर पुष्कळदा तीस मीटरही नसते. म्हणजे हाताशी असतात जेमतेम दोन सेकंद. तेवढ्या अवधीत धोका ओळखायचा, शस्त्र बाहेर काढायचे, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. समुद्रकाठच्या तपकिरी नराचे वजन चारशे-पाचशे किलोपर्यंत सहज जाते. कातडीखाली चरबीचा जाड थर, त्याखाली खांद्याचे प्रचंड स्नायू आणि जाड हाडे. शिवाय धावत येणाऱ्या अस्वलाचे डोके खाली-वर हलत असते, आणि कवटीचा उतार असा असतो, की तिरकी लागलेली गोळी घसरून जाण्याची शक्यता राहते. पिस्तुलाविषयीची सारी चर्चा या दोन सेकंदांच्या मर्यादेतच करावी लागते.

रायफल असताना पिस्तूल कशाला?

ताकदीचाच विचार केला तर पिस्तूल हे कमकुवत शस्त्र आहे. अमेरिकेच्या वनसेवेने १९८३ साली जवळच्या अंतरावर निरनिराळ्या बंदुकांच्या गोळ्या कशा परिणाम करतात याच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. अलास्कात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी त्या घेतल्या होत्या. मोठ्या व्यासाच्या रायफली त्यांत सर्वांत सरस ठरल्या आणि पिस्तुले बरीच मागे पडली. आर्क्टिकमधील स्वालबार्ड द्वीपसमूहात ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी आजही प्रामुख्याने रायफलच बाळगली जाते.

मग पिस्तूल कशाला? तर ते अंगावर असते म्हणून. गळ टाकणाऱ्याचे दोन्ही हात काठीत गुंतलेले असतात आणि त्याची रायफल दहा पावलांवर झाडाला टेकवून ठेवलेली असते. जीवशास्त्रज्ञ मोजमापे घेत असतो, भटक्या तंबूत झोपलेला असतो. अशा वेळी दहा पावलांवरची रायफल नसल्यात जमा. पिस्तूल मात्र छातीवरच्या पट्ट्यात असते. कंबरेचे म्यान पाठपिशवीच्या पट्ट्याखाली दडते किंवा पाण्यात उतरल्यावर भिजते, म्हणून अलास्कातील अनुभवी मंडळी छातीवरचेच म्यान पसंत करतात. अस्वलाने खाली पाडले तरी एका हाताने वापरता येते, हा पिस्तुलाचा दुसरा गुण.

व्यास आणि ताकद

पिस्तुलांच्या नावातील आकडे सामान्य वाचकाला गोंधळात टाकतात. ढोबळमानाने हा आकडा गोळीचा व्यास सांगतो, ‘.४४’ म्हणजे इंचाचे चव्वेचाळीस शतांश. मात्र नुसत्या व्यासावरून ताकद कळत नाही. गोळीचे वजन आणि वेगही पाहावा लागतो. ऊर्जेचे एकक असलेल्या ज्यूलमध्ये मोजले, तर पोलिसांकडे सर्रास आढळणारी ९ मिलिमीटरची गोळी सुमारे ५०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. ‘.३५७ मॅग्नम’ची ७०० ते ८००, ‘१० मिलिमीटर’ची ८५० ते ९००, ‘.४४ मॅग्नम’ची १३०० ते १४००, ‘.४५४ कॅसल’ची सुमारे २४०० आणि ‘.५०० मॅग्नम’ची जवळपास ३५००. काडतुसानुसार हे आकडे कमी-अधिक होतात. तुलनेसाठी, शिकारीच्या साध्या ‘.३०-०६’ रायफलीची गोळी सुमारे ३९०० ज्यूल ऊर्जेची असते.

१९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नमला १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने जगभर प्रसिद्धी दिली. अस्वलांच्या मुलखात दीर्घकाळ तेच प्रमाण मानले गेले आणि काळ्या किंवा तपकिरी अस्वलासाठी किमान तेवढी ताकद हवी, हे मत आजही रूढ आहे. २००३ साली .५०० मॅग्नम बाजारात आले तेव्हा प्रश्न कायमचा सुटला, असे अनेकांना वाटले.

तसे झाले नाही. कारण ताकदीबरोबर धक्का वाढतो. .५०० मॅग्नमचा धक्का नवख्याच्या मनगटाला पेलवत नाही; पहिली गोळी सुटताच नळी आकाशाकडे जाते आणि ती पुन्हा लक्ष्यावर आणण्यात जी सेकंद-दीड सेकंद जाते, ती अस्वल देत नाही. वजन कमी करण्यासाठी मिश्रधातूची, जेमतेम सातशे ग्रॅमची .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरेही मिळतात. दिवसभर अंगावर वागवायला ती सुखाची. पण पिस्तूल जितके हलके, तितका धक्का जास्त. अशी पिस्तुले विकत घेणारे पुष्कळ, त्यांच्यावर नियमित सराव करणारे थोडे. आणि सराव नसलेल्या हातातले शस्त्र त्या दोन सेकंदांत कामाला येत नाही.

गोळीचे टोक

व्यासाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची ठरते ती गोळीची घडण. माणसांपासून स्वसंरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचे टोक बहुधा पोकळ असते. शरीरात शिरताच ती फुलते आणि थांबते, जेणेकरून आरपार जाऊन मागच्या निरपराध व्यक्तीला लागू नये. अस्वलाच्या बाबतीत हाच गुण दोष ठरतो. चरबी आणि स्नायूंचा थर ओलांडण्यापूर्वीच गोळी फुलली, तर ती हृदय, फुप्फुसे किंवा मज्जासंस्थेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून अस्वलांच्या प्रदेशात कडक शिशाच्या मिश्रधातूची, सपाट टोकाची आणि वजनदार गोळी वापरली जाते. ती फुलत नाही, वाकत नाही आणि खोलवर जाते.

२०१६ साली अलास्कात एका अनुभवी वाटाड्याने आपल्या सोबतच्या पर्यटकांवर चालून आलेले तपकिरी अस्वल ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाने रोखले, तेव्हा बंदूकप्रेमींच्या वर्तुळात मोठी खळबळ उडाली. इतक्या कमी ताकदीने हे साधलेच कसे? त्याच्या पिस्तुलात खोलवर जाणाऱ्या कडक गोळ्या होत्या आणि त्या झाडणाऱ्या हातांना काही दशकांचा अनुभव होता. यावरून ९ मिलिमीटरचे पिस्तूल अस्वलाला पुरेसे आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. गोळीची घडण आणि हाताचा सराव यांचे मोल मात्र त्यातून दिसते.

रिव्हॉल्व्हर की अर्धस्वयंचलित?

यापुढचा वाद आहे तो जुन्या रिव्हॉल्व्हरचा आणि काडतुसांचा साठा मुठीत सामावणाऱ्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा. रिव्हॉल्व्हरची बाजू घेणारे सांगतात, की त्याची रचना सोपी आहे. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा. चक्र फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. शिवाय अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या शरीराला टेकवून गोळी झाडण्याची वेळ आली, तरी रिव्हॉल्व्हर चालते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा वरचा सरकता भाग अशा दाबाने मागे ढकलला गेल्यास ते चालेनासे होऊ शकते. उलटपक्षी रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या पाच किंवा सहाच, आणि त्या संपल्या की पुन्हा भरायला वेळ लागतो.

गेल्या काही वर्षांत पारडे १० मिलिमीटरच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाकडे झुकते आहे. या काडतुसाचा जन्म १९८३ चा. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने त्याचा विचार केला. परंतु पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का अनेक कर्मचाऱ्यांना जड जाऊ लागला आणि १९९० साली त्याच घडणीचे आखूड, सौम्य ‘.४०’ काडतूस अवतरले. पोलिसांना जे जड गेले, ते रानात जाणाऱ्यांना मध्यममार्ग वाटू लागले. .४४ मॅग्नमपेक्षा ताकद कमी, पण धक्काही कमी, नेम लवकर सावरतो आणि पंधरा गोळ्या हाताशी राहतात. ईशान्य ग्रीनलंडच्या ओसाड बर्फाळ प्रदेशात कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे ‘सिरियस’ पथक ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणासाठी रायफलींच्या जोडीला १० मिलिमीटरचे ग्लॉक पिस्तूल बाळगते, हे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते.

थोडक्यात, क्वचितच सराव करणाऱ्याला साधे, पोलादी, पुरेशा वजनाचे रिव्हॉल्व्हर बरे. नियमित सराव असणाऱ्याला १० मिलिमीटरचे अर्धस्वयंचलित सोयीचे. आणि दोघांनाही एकच कसोटी. म्यानातून काढून दोन सेकंदांत, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, जवळच्या हलत्या लक्ष्यावर पहिली गोळी लावता येते का? ज्या पिस्तुलाने हे साधत नाही, ते कितीही ताकदवान असले तरी निवडीतून बाद समजावे.

संशोधनाचा कौल

येथवरची चर्चा शस्त्राची झाली. प्रत्यक्षात काय घडते? अस्वलांच्या वर्तनाचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रश्नाचा शोध घेतला. १८८३ ते २००९ या काळात अलास्कात बंदुकीचा संबंध आलेले माणूस-अस्वल संघर्षाचे २६९ प्रसंग त्यांनी तपासले. त्यांत ४४४ माणसे आणि ३५७ अस्वले गुंतलेली होती. पिस्तुलांनी ८४ टक्के प्रसंगांत अस्वलाला रोखले, तर रायफली आणि शॉटगन यांनी ७६ टक्के. पिस्तुलांचे प्रसंग तुलनेने थोडे असल्याने हा फरक अर्थपूर्ण मानता येत नाही, हे लक्षात घ्यावे.

खरा धक्का पुढे आहे. बंदूक जवळ असलेल्यांनी ती वापरली काय किंवा न वापरली काय, जखमी होण्याचे प्रमाण सारखेच आढळले. तसेच बंदुकीचा प्रकार किंवा झाडलेल्या गोळ्यांची संख्या यांवरून प्रसंगाचा शेवट कसा होईल, हे सांगता येत नव्हते. ते सांगता येत होते ते अस्वल कोणत्या जातीचे, एकटे की पिलांसह, माणूस त्या वेळी काय करत होता, अस्वलाने चाल केली होती का आणि जवळपास शिकारीचे मांस किंवा मासे होते का, यांवरून. बंदूक अपयशी ठरली तेथील कारणेही बोलकी आहेत. ती चालवायला वेळच न मिळणे, यंत्र अडकणे, नेम चुकणे, काडतुसे संपणे. बंदूक चालवण्यात जे निष्णात आहेत, त्यांनीच संरक्षणासाठी तिच्यावर विसंबावे, असा सल्ला संशोधकांनी दिला. त्याचबरोबर, हल्लेखोर अस्वलाला ठार करून थांबवू शकणारे साधन बंदूक हेच आहे, हेही त्यांनी नमूद केले.

मिरचीचा फवारा

याच अभ्यासकांनी २००८ साली तिखट फवाऱ्याचाही, म्हणजे ‘बेअर स्प्रे’चा, आढावा घेतला होता. १९८५ ते २००६ या काळातील ८३ प्रसंगांत तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के वेळा फवाऱ्याने त्यांना रोखले. फवारा बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोक जवळच्या सामन्यातूनही विनाजखम सुटले. बचावासाठी फवारा मारताना जखमी झालेल्या तिघांच्या जखमा किरकोळ होत्या.

दोन्ही अभ्यासांची सरळ तुलना करणे योग्य नाही. बंदुकीच्या प्रसंगांत चाल करून आलेली अस्वले जास्त, तर फवाऱ्याच्या प्रसंगांत कुतूहलाने किंवा अन्नाच्या वासाने जवळ आलेलीही बरीच होती. तरीही फवाऱ्याची बाजू का भक्कम आहे, हे समजणे अवघड नाही. गोळीला हाताएवढ्या जागेवर अचूक लागावे लागते, तर फवारा समोर तिखट ढगाची भिंत उभी करतो. अमेरिकेतील मान्यताप्राप्त फवाऱ्यात मिरचीतील तिखट द्रव्यांचे प्रमाण १ ते २ टक्के असते, पल्ला किमान २५ फूट असतो आणि डबा सहा सेकंद तरी चालतो. अस्वलाचे डोळे, नाक आणि फुप्फुसे काही काळ बेजार होतात, आणि जीव मात्र दोघांचाही वाचतो.

मर्यादा याही साधनाला आहेतच. वाऱ्याच्या उलट दिशेने मारल्यास फवारा आपल्याच डोळ्यांत येतो. डब्यावरची मुदत संपली की दाब उतरतो. पाठपिशवीच्या तळाशी ठेवलेला डबा तर म्यानात अडकलेल्या पिस्तुलाइतकाच निरुपयोगी. काही पर्यटक डासांच्या औषधाप्रमाणे हा फवारा तंबूवर शिंपडतात. त्याने अस्वले दूर तर राहत नाहीतच, उलट सुकलेल्या फवाऱ्याच्या वासाने तपकिरी अस्वले आकृष्ट होत असल्याचे स्मिथ यांनाच १९९८ साली आढळले होते!

कायद्याची चौकट

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत; तथापि वकिलाच्या सल्ल्याविना त्यांच्या आधारावर पिस्तूल हाताळणे म्हणजे गुन्ह्याला आणि व्हिसा गमावण्याला निमंत्रण. मित्राचे पिस्तूल ‘फक्त सहलीपुरते’ जवळ ठेवणेही यातून सुटत नाही. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत राज्याच्या कायद्यानुसार बंदूक नेण्याची मुभा फेब्रुवारी २०१० पासून आहे, परंतु ती चालवण्यावर सर्वसाधारणपणे बंदीच आहे. अलास्काबाहेरील ४८ संलग्न राज्यांत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित प्राणी आहे आणि जिवावर बेतल्याखेरीज त्याला मारता येत नाही. अलास्कातही स्वसंरक्षणार्थ अस्वल मारल्यास त्याचे कातडे आणि कवटी सरकारजमा करून लेखी अहवाल द्यावा लागतो. अन्न किंवा कचरा उघड्यावर ठेवून आपणच अस्वलाला बोलावले असेल, तर स्वसंरक्षणाचा दावा टिकत नाही. शेजारच्या कॅनडात पर्यटकाला अस्वलापासून संरक्षणासाठी पिस्तूल नेता येत नाही, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथे पिस्तुलांच्या खरेदी-विक्रीवरच देशव्यापी निर्बंध आले.

विमानप्रवासाचा नियमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काडतुसे काढलेले पिस्तूल कुलूपबंद पेटीत, कंपनीला कळवून, सामानात नेता येते. फवाऱ्याचा डबा मात्र हातातल्या आणि सामानातल्या अशा दोन्ही पिशव्यांत निषिद्ध. तो मुक्कामी पोहोचल्यावरच विकत घ्यावा आणि परतताना तेथेच ठेवून यावा.

आपल्याकडची अस्वले

आपल्या मेळघाट, ताडोबा, बुलढाण्याचे ज्ञानगंगा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या जंगलांतही अस्वल आहेच, आणि मोहफुले व तेंदूपाने वेचायला पहाटे रानात शिरणाऱ्यांना त्याचा धोका अलास्कातील पर्यटकापेक्षा कमी नाही. मोहाची फुले माणसाइतकीच अस्वलालाही प्रिय आहेत. आपल्याकडे मात्र पिस्तुलाचा पर्याय मुळातच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लेखी परवानगीविना शस्त्र नेता येत नाही आणि अस्वलाला या कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. जीव वाचवताना सद्हेतूने वन्यप्राणी मारला गेल्यास तो गुन्हा ठरत नाही, एवढीच सवलत. म्हणून एकट्याने न जाता गटाने जाणे, बोलत-हाका देत चालणे आणि अंधुक प्रकाशात दाट झुडपांत न शिरणे, हेच येथले संरक्षण. अलास्कातील जाणकारही पहिला सल्ला हाच देतात.

निवडीचा क्रम

तेव्हा अस्वलांच्या मुलखात जाणाऱ्याने निवडीचा क्रम उलटा लावू नये. प्रथम येते ती भेट टाळणे. गटाने आवाज करत चालावे, अन्न अस्वलाला न उघडता येणाऱ्या डब्यात आणि तंबूपासून दूर ठेवावे, मासे साफ केलेल्या जागी मुक्काम करू नये, पिलांसह मादी दिसताच शांतपणे मागे फिरावे. येलोस्टोनमध्ये अस्वलापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, अंतर राखण्याचा नियम आहे. दुसरे येते ते कंबरेच्या पट्ट्यावरचा फवारा आणि तो काढून वापरण्याचा सराव. पिस्तुलाचा क्रमांक तिसरा. तोही ज्यांना कायद्याने मुभा आहे आणि वर्षभर सराव करण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यापुरता. अशांनी .४४ मॅग्नम किंवा १० मिलिमीटर, कडक सपाट टोकाची गोळी आणि छातीवरचे म्यान निवडावे. सराव करण्याची तयारी नसेल, तर पिस्तुलाच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळणारा फवाऱ्याचा डबाच अधिक शहाणपणाचा.